वर्णक्रमाने

"वर्णक्रमाने लावू का, मॅडम?"
टायपिंगवाल्या इम्तियाझने विचारलं
आणि मी उगाच दचकले.
विद्यापीठाच्या गेटासमोरचं दुकान,
दोन झेरॉक्स मशिनं, फरशीवर स्पायरलचे तुकडे,
कडेला चहा, साय धरलेला.
यादीत एकशे पंधरा नावं.

महिन्यापूर्वी एकशे चौदा होती.
तेव्हा मार्गदर्शक बाईंनी
काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंबं दिली
आणि यादी परत केली. बोलल्या काहीच नाहीत.
घरी येऊन मी टिंबं मोजली:
नव्वदच्या वर आडनावं अशी, की आमच्याच
सोसायटीच्या पाटीवर शोभली असती,
तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांसकट.
बायका नऊ. त्यातल्या चौघी परदेशी.

बाबा पाणीपुरवठ्यातून निवृत्त.
म्हणाले, "मग आता काय,
आडनाव बघून तळटीप द्यायची?
पाणी दाबाने चढतं, आडनावाने नाही."
मलाही तसंच वाटत होतं,
निम्मं.
उरलेलं निम्मं घेऊन मी ग्रंथालयाच्या
खालच्या मजल्यावर गेले,
जिथे ट्यूबलाइट आधी विचार करते, मग लागते.

ठ. सा. ओव्हाळ. टंकलिखित प्रबंध, ऐंशी सालचा.
पेठांतले हौद, आणि कुणी कधी पाणी भरायचं
त्याच्या वेळा.
मागच्या कार्डावर एकच शिक्का, तोही पुसट.
चार वर्षं ज्याला मी माझा शोध म्हणत होते
तो पान त्रेपन्नवर होता,
प्रत्येक 'र' ओळीच्या जरा वर उडालेला.
मी लिहिलं, 'ओव्हाळ हे या विषयाचे पहिले अभ्यासक.'
कार्यालयातले जुने शिपाई हसले:
"हे कसले? ठकूबाई त्या. हडपसरला असतात."

तिसरा मजला, लिफ्ट बंद.
माझं प्रकरण त्यांनी भिंगाखाली वाचलं, सावकाश,
मधे एकदा कुकर बंद करून आल्या.
मी म्हटलं, चुकून तुम्हाला पुरुष केलं.
"आद्याक्षरं मीच ठेवली होती गं.
नावाने दार लागायचं.
आडनावाचं मात्र काही करता आलं नाही."
मग, "मला का घेतलंस?"

खोटं बोलता आलं असतं.
मी टिंबांचं सांगितलं.
"म्हणजे मोजायला आलीस
आणि वाचत बसलीस."
रागावल्या की नाही, कळलं नाही.
"पान एकसष्ट चुकलंय माझं.
पहाटेची वेळ एकाच माणसाच्या तोंडची घेतली मी.
दिसलं नाही तुला?"

दिसलं होतं.
पण यांना कसं खोडायचं, म्हणून
मी ते पान हळूच उलटलं होतं,
पाहुण्यांच्या घरी फुटका कप
दांडा आपल्याकडे वळवून ठेवावा, तसं.

भिंग त्यांनी पदराने पुसलं.
"पंचेचाळीस वर्षांत
कुणी मला साधं खोडलंसुद्धा नाही."

त्या रात्री दोन पानं लिहिली, त्यांच्या विरोधात.
पहाटेची वेळ, साक्षी, नकाशा.
बाबांनी वाचली, त्यांचा प्रबंधही वाचला,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"उताराचं गणित पक्कं आहे बाईचं."
आडनावाचा विषय त्यांनी काढला नाही.
मीही नाही. टिंबं अजून यादीवर आहेत,
खोडरबर कुठे ठेवलंय तेही मला माहीत आहे.

इम्तियाझ थांबलाय. कर्सर लुकलुकतोय.
"लावा," मी म्हणते, "वर्णक्रमानेच लावा."
आगाशे, आठल्ये,
मग लगेच ओव्हाळ.
स्वर आधी येतात, एवढंच कारण.
मी, लेले, असतेच तर फार खाली असते.

"आणि मॅडम, ठ. म्हणजे काय? पूर्ण नाव द्यायचं?"
द्यावं तर एकशे चौदांचंही द्यावं लागेल,
सगळ्या आद्याक्षरांमागे कोण उभं आहे ते बघावं लागेल.
"थांबा," मी म्हणते, "विचारून सांगते,"
आणि हडपसरला फोन लावते.
रिंग वाजतेय.
त्या सावकाश उठत असतील.